डेल्फिया स्पर्लॉकची नरम काडतुसं

डेल्फिया स्पर्लॉक ही बाई होबर्ट नेपियरला नीट माहीत होती असं कुणी समजू नये. दोघांच्या घरांमध्ये एक ओढा, ओढ्यावर फळ्यांचा साकव, आणि उभ्या आयुष्याचा शेजार. तरी ती नवरा गेल्यावर एकटी कधी रडली का, तिला झोप नीट लागायची का, कशाची भीती वाटायची का, यातलं काही त्याला सांगता आलं नसतं. तिच्या मयताला पाळकांनी त्याला चार शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा तो हातातली टोपी फिरवत राहिला, ‘बाई चांगली होती’ एवढं म्हणाला आणि खाली बसला. बसल्यावर त्याच्या मनात आलं, की हेही आपण अंदाजानंच बोललो.

जे त्याला माहीत होतं ते डोंगरांमधल्या त्या घळीतल्या सगळ्या वस्तीला माहीत होतं. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात ती वर्षानुवर्षं शाळेची बस चालवायची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि मधून ही पिवळी बस खालच्या गियरमध्ये कण्हत वर चढायची. चालवताना ती भजनं म्हणे. शब्द चर्चचे असत, चाल मात्र गुत्त्यातली, असं लोक हसून म्हणत. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर हात उचलायच्या आतच खाली ठेवी. नवरा क्लेल खाणीत होता. छातीत धूळ बसून गेला. मुलगी रीथा ओहायोत, डेटन गावी. ती दर रविवारी फोन करून आईला म्हणायची, “ममा, ते घर विक आणि माझ्याकडं ये. तिथं एकटी काय करतेस?” आणि डेल्फिया म्हणायची, “तुझ्या गावात कुणी कुणाला हाळी देत नाही. मी तिथं बहिरी होईन.”

हाळी ही त्या घळीतली जुनी गोष्ट. कुणाच्याही घरी जायचं तर कुंपणाशी थांबायचं, घराला उद्देशून एक हाळी द्यायची, आणि आतून ‘या’ आल्याशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. पाळक आले तरी थांबतात, जावई आला तरी थांबतो. न थांबता जो सरळ पडवीत चढतो, त्याच्या मनात काही बरं नाही असं धरून चालायचं. पूर्वी अशा माणसाला घरातून थेट छर्रेच मिळत, आणि कुणी त्याची विचारपूसही करत नसे.

होबर्ट तर हाळीच्याही पुढं कधी गेला नव्हता. कारण डेल्फियाचं ते घर मूळचं नेपियरांचं. होबर्ट आणि त्याचा थोरला भाऊ आर्लिस दोघंही तिथं जन्मले. आई गेल्यावर बापानं ते क्लेलला विकलं आणि ओढ्याच्या अलीकडं लहानसं घर बांधलं. तेव्हापासून होबर्ट त्या कुंपणाशी उभा राहून बोलायचा, टोमॅटो द्यायचा, अंडी घ्यायचा, आणि परत फिरायचा. खुर्च्यांच्या बैठका हिकरी झाडाच्या सालीनं विणणं हा त्याचा धंदा. त्या घरातल्या खुर्च्याही त्यानंच विणलेल्या, पण त्यावर बसायला तो कधी आत गेला नाही. डेल्फिया निरोप देताना रीतीप्रमाणे म्हणायची, “राहा की रे, जेवून जा,” आणि तो रीतीप्रमाणेच म्हणायचा, “नको, तुम्हीच चला आमच्याकडं.” मग कुणीच कुठं जायचं नाही.

आर्लिस आता त्याच्याजवळच राहायचा. चर्चमध्ये भजनाचा पहिला स्वर लावणारा तो उंच माणूस हळूहळू आतून विरत चालला होता. पाहुण्यांची नावं गेली, मग महिन्यांची, मग स्वतःच्या मेलेल्या बायकोचं. उरलं ते फार जुनं: खेचरांची नावं, ओढ्यातल्या डोहांची खोली, आईचा आवाज. पहाटे तो उठून बाहेर जाई. होबर्टनं विचारलं की म्हणे, “खेचरांना वैरण टाकून आलो.” गोठ्यात खेचरं नव्हती, गोठाच नव्हता. पण माणूस उजाडताच परत येतोय, अंगावर गवताचा वास घेऊन येतोय, म्हणून होबर्टनं फार चौकशी केली नाही. त्याला स्वतःला पहाटे गाढ झोप लागायची, आणि एक कान तर कधीचाच गेला होता.

त्या शरद ऋतूत धुकं फार पडलं. ओढ्यातून ते निघायचं आणि घळ काठोकाठ भरून टाकायचं, भांड्यात दूध भरावं तसं. झाडांचे फक्त शेंडे वर दिसत, तांबडे, पिवळे, बिनबुंध्याचे. कोंबडा आरवला तर कुठल्या बाजूला आरवला ते कळत नसे. अशाच एका सकाळी डेल्फियानं त्याला कुंपणाशी बोलावून घेतलं. एरवी ती तिथूनच ओरडून सांगायची. आज तिचा आवाज खाली होता.

“होबर्ट, माझ्या पडवीत कुणीतरी येतंय.”

“कोण?”

“कोण ते ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं, शहाण्या? उजाडायच्या सुमारास येतो. हाळी देत नाही. फाटक वाजत नाही. सरळ मागच्या पडवीत चढतो आणि माझ्या कुऱ्हाडीनं लाकडं फोडतो.”

“लाकडं फोडतो?”

“चुलीसाठी. बारीक ढलप्या करून ठेवतो, एकावर एक आडव्या-उभ्या, चौकोनात रचून. नंतर दार ढकलून बघतो. मी कडी लावलेली असते. मग जातो.”

“मग तो चोर कसला, मिस डेल्फिया? चोर ढलप्या करून देतो होय?” घळीत लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणत.

“कुऱ्हाड हातात घेऊन माझं दार ढकलणाऱ्या माणसाला मी काय म्हणू? जावई म्हणू?” ती हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. “रीथाला कळलं तर ती उद्याच गाडी घेऊन येईल. मला इथून जायचं नाहीये. आणि क्लेलची बंदूक मी खाली काढलीय, पण मला कुणाला मारायचंही नाहीये. डुक्कर मारतानासुद्धा मी तोंड फिरवायची. रीथाचा नवरा सांगत होता, आता नरम काडतुसं मिळतात म्हणे. माणूस मरत नाही, नुसता आडवा होतो. तू गावात जाणार आहेस ना?”

होबर्ट गेला. कर्बीच्या दुकानात खिळे, बियाणं, मासेमारीचे गळ आणि काडतुसं एकाच छपराखाली मिळत. शेगडीजवळ म्हातारा टॅल्मेज नेहमीसारखा बसलेला होता, विकत काही न घेता.

होबर्टनं हळूच डेल्फियाची मागणी सांगितली, तरी टॅल्मेजला ऐकू गेलीच.

“नरम? माझ्या आजोबांकडं मिठाचं काडतूस असायचं. कलिंगडाच्या चोराच्या बुडावर खडे मीठ! आठवडाभर उभा राहून जेवला तो.”

“तो चोर तूच ना?” कर्बी म्हणाला.

“ते मी कुठं नाकारतोय?”

कर्बीनं मागच्या फळीवरून एक डबी काढली. काडतुसांची अंगं काचेसारखी पारदर्शक होती आणि आत कापडाची चिमुकली पिशवी दिसत होती, शिशाच्या कणांनी भरलेली. होबर्टनं एक हातात घेतलं. लहान मुलीच्या बाहुलीसाठी शिवलेल्या उशीसारखं दिसत होतं ते.

“विकायला मला काय,” कर्बी म्हणाला, “पण तू भला माणूस आहेस म्हणून सांगतो. हे अगदी जवळून मारलं तर बरगडी मोडते, छातीवर बसलं तर काळीजही थांबतं. लांबून मारलं तर माणूस कोट झटकून पुढं येतो, आणि आता चिडलेला असतो. मधलं जे बरोबर अंतर आहे, तेवढं तिच्या स्वयंपाकघरात आहे का?”

“स्वयंपाकघर लहानच आहे,” होबर्ट म्हणाला. त्याला ते माहीत होतं. त्या घरातली टेबलाखालची जागासुद्धा त्याच्या अंगात मुरलेली होती.

“आणि कोर्टात बंदूक ती बंदूक. ‘साहेब, नरम होतं’ म्हणून कुणी सोडत नाही. पोलीस वापरतात, पण त्यांच्या शेजारी खरी बंदूक घेऊन दुसरा उभा असतो. तिच्या शेजारी कोण आहे? मांजर?”

“पण मेला नाही तर बरंच ना?” टॅल्मेज म्हणाला. “मिठानं मी सुधारलो.”

“तू कुठं सुधारलास?”

होबर्टला वाटलं, न घेताच जावं. पण मागून घेतलेली वस्तू परत फळीवर ठेवा म्हणायला जे धैर्य लागतं ते त्याच्याजवळ कधीच नव्हतं. त्यानं डबी घेतली. कर्बीचं बोलणंही त्यानं डेल्फियाला सांगितलं, पण सांगता सांगता ते निम्मं झालं आणि मऊ झालं, जसं त्याचं सगळंच व्हायचं.

“पहिला बार याचा काढा,” तो कुंपणावरून म्हणाला, “आणि तरीही माणूस पुढं आलाच तर मागून क्लेलची खरी असू द्या.”

“हे मला पटलं,” ती म्हणाली. “आधी दटावणी, मग छडी. बसमध्येही मी असंच करायची.”

त्यानंतरच्या एका पहाटे होबर्टला जाग आली, आणि कशानं आली ते त्याला कधीच कळलं नाही. खिडकी पांढरी होती. आर्लिसच्या खाटेवरची गोधडी नीट घडी घालून ठेवलेली होती. आई असताना ठेवायची तशी. होबर्ट त्या घडीकडं बघत राहिला, आणि डेल्फियानं सांगितलेल्या त्या आडव्या-उभ्या ढलप्या त्याच्या डोळ्यांपुढं आल्या. तशा ढलप्या एकच माणूस रचायचा. आई चूल पेटवायला उठायच्या आत तो त्या रचून ठेवायचा, आणि आई म्हणायची, आर्लिसनं माझ्यासाठी विहीर बांधलीय बघा.

स्वतःच्या घरी येताना कोण हाळी देतो?

तो सदरा अर्धा खोचून बाहेर पडला. धुक्यात साकव दिसत नव्हता. पायांना ठाऊक होता म्हणून सापडला. खाली पाणी बोलत होतं. वरच्या बाजूनं कुऱ्हाडीचा आवाज येत होता, टक, आणि मग थांबून टक, इतका सावकाश की जणू कुणी झोपेत लाकूड फोडतंय. मग तो आवाज थांबला. होबर्ट पडवीलगतच्या मागच्या कुंपणाशी पोचला तेव्हा त्याला पडवीत भाऊ दिसला, धुक्यातल्या झाडासारखा उंच, एका हातात कुऱ्हाड, दुसरा हात दाराच्या धुक्यानं पांढऱ्या झालेल्या काचेवर. आणि दाराच्या आत त्याला तो आवाज ऐकू आला, जो त्या घळीत लहान पोरही ओळखतं: बंदुकीच्या नळीखालची मूठ मागं जाऊन पुढं आली, खर्रक-खट.

त्यानं हाळी द्यायला तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. चर्चमध्ये नाही, मयतात नाही, लग्नातही नाही, असा जो आवाज आयुष्यभर छातीत दडून बसला होता, तो आजही जागचा हलला नाही.

आत पुन्हा वाजलं, खर्रक-खट, आणि फळ्यांवर काहीतरी टपकून घरंगळलं. पुन्हा खर्रक-खट. पुन्हा टपकलं. बार मात्र होत नव्हता. आर्लिस मान कलती करून ऐकत होता. मग तो दाराला तोंड लावून, घरातलं कुणी झोपलं असेल तर जागं होऊ नये अशा बेतानं म्हणाला,

“आई, मांजरीनं काही पाडलं का गं?”

सगळी घळ थांबल्यासारखी झाली. होबर्टला ओढासुद्धा ऐकू येईना. कडी निघाल्याचा आवाज आला, आणि डेल्फियाचा, बसमधला नव्हे, दुसराच कुठलातरी आवाज.

“हो रे. मांजरच. कुऱ्हाड तिथंच ठेव आणि आत ये. पाय पूस.”

बऱ्याच वेळानं होबर्टच्या घशातून एक हाळी निघाली, फाटकी, कापरी.

“जरा मोठ्यानं ओरड की!” आतून उत्तर आलं. “कोंबड्यांनासुद्धा ऐकू गेली नाही. ये आत.”

तो गेला. बापानं विकल्यापासून पहिल्यांदा. चुलीवर लोखंडी तव्यात मक्याची भाकरी होती. आर्लिस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ताक पीत होता, अगदी पूर्वीच्या जागी, आणि त्याला बघून म्हणाला, “होबी, उशीर केलास. खेचरांना मीच टाकलं.” डेल्फिया उभी होती. बंदूक कोपऱ्यात होती. टेबलाच्या पायांशी लाल काडतुसं पडली होती, खरी.

“मी नरम आधी सारली,” ती हळू म्हणाली. “ती आधी उडावीत म्हणून आधी सारली. वरून ही लाल. मूठ ओढली आणि बघते तर लाल वर चढलं. म्हटलं, हे नको. बाहेर काढलं. पुन्हा लाल. पुन्हा लाल.”

होबर्टला मग उमगलं. त्या जातीच्या बंदुकीत काडतुसं एकामागून एक आत सारतात, आणि जे शेवटी सारलं तेच आधी वर येतं, जसं पोत्यात वरचं आधी हाताला लागतं. क्लेल सगळी एकाच जातीची भरायचा, त्यामुळं त्या घरात क्रमाचा विचार कधी करावाच लागला नव्हता.

“बरं झालं चुकलं ते,” होबर्ट म्हणाला. “तेवढ्यात तो बोलला.”

“बरं झालं?” ती त्याच्याकडं वळली. तिनं हात एप्रनमध्ये गुंडाळले. “होबर्ट, मी काय म्हणत बसले होते ठाऊक आहे? म्हणत होते, नरमच तर आहे, मरणार थोडाच आहे, एकदा मारून मोकळी होते. इतके दिवस पहाटे तो येत होता. मी एकदाही ‘कोण आहे’ म्हणून विचारलं नाही. आधी पलंगावर डोक्यावरून पांघरूण, आणि मग थेट बंदूक. खरीच काडतुसं भरलेली असती तर मी धजले नसते. आधी ओरडले असते. त्या बाहुलीच्या उशीनं माझं बोट हलकं केलं रे. आणि तो दाराला छाती लावून उभा होता. मधे नुसती काच.”

होबर्ट खुर्चीत टेकला. मग त्याच्या मनात जे आलं ते त्यानं विचारलं, कारण त्या घरात बसल्यावर त्याला कसं कोण जाणे विचारता येत होतं.

“पण खरंच वाईट माणूस असता तर, मिस डेल्फिया?”

“तर आधी माझा आवाज. तो ऐकून बसमधले धटिंगण मुतायचे. आणि आवाजानंही नाही गेला, तर मग लाल. आणि त्याचं जे होईल ते मी देवापुढं सांगेन. पण अर्धंमुर्धं मारणं मला नको. घेऊन जा ती डबी.”

त्यानं डबी नेली. तिचं म्हणणं बरोबर होतं की नाही, यावर तो पुढं अनेकदा विचार करत बसला, हातात सालीची पट्टी धरून. कधी वाटे, बरोबरच होतं. कधी वाटे, नरम काडतूसच आधी वर आलं असतं आणि आर्लिसच्या मांडीला लागून भागलं असतं, तर तिनं वेगळं म्हटलं असतं का? काच तरी मधे होतीच. त्याला ठरवता आलं नाही. जे घडलं नाही त्याचा हिशोब त्याला कधीच जमत नसे.

त्यानंतर ती पहाटे कडी काढून ठेवायची. आर्लिस यायचा, ढलप्यांची विहीर रचायचा, आत जाऊन ताक-भाकरी खायचा. ती त्याला म्हणायची, “शाळेला उशीर होईल हं,” आणि तो उठायचा. पहिले काही दिवस होबर्ट ओशाळून त्याला न्यायला जाई. ती म्हणाली, “राहू दे. रीथानंतर मला कुणी आई म्हणून उठवलं नव्हतं.” मग होबर्टही तिथंच खाऊ लागला. तिघं धुक्यात बसत, खिडकीबाहेर जग नसल्यासारखं, आणि कधी आर्लिस एखाद्या जुन्या भजनाचा पहिला स्वर लावी. डेल्फिया त्याच्या मागून गुत्त्यातल्या चालीत शिरे. होबर्ट ओठ हलवी. त्या खोलीत कुठलं साल चाललंय हे त्या वेळी त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

वसंतात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रीथाकडं डेटनला गेली आणि तिकडंच, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जेवता जेवता गेली. रीथानं घर विकलं नाही अजून. किल्ली होबर्टकडं आहे. आर्लिस रोज पहाटे जातो. होबर्ट त्याच्या आधी उठून जातो, चूल पेटवतो, आणि दार ढकललं गेलं की आतून ‘ये’ म्हणतो. आर्लिस कधी थबकतो, त्याच्याकडं बघतो, आणि आई कुठं गेली विचारतो. होबर्ट म्हणतो, येईल आत्ता.

ती डेटनला निघाली त्या सकाळी जावयाची गाडी फाटकाशी उभी होती. तिनं काच खाली केली.

“भाकरीचं पीठ डब्यात आहे. ताक खालच्या वळणावरच्या मेबलकडून घे. काकवी संपत आलीय, तेवढी आण.”

“कुठली आणू?”

“ज्वारीच्या ताटांची. दुकानातली मक्याची पातळ आणू नकोस, तो खात नाही.”

“बरं,” होबर्ट म्हणाला.